याडीचा अंगठा

“मले अटक करा, साहेब,” असं म्हणत एखादी बाई स्वतःच्या पायांनी ठाण्यात आली, असं माझ्या सगळ्या नोकरीत एकदाच घडलं. पकडून आणलेले चोर पाहिले, पळून गेलेले त्याहून जास्त पाहिले. पण गुन्हा केलेला नाही आणि तरी कोठडी मागायला आलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. त्यामुळे ती सकाळ काही केल्या विसरता येत नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या भागातल्या वाचकांना ते आपोआप कळेल आणि बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. एकच नाव जसंच्या तसं ठेवलं आहे, कारण ते मुळात नावच नव्हतं.

सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. जुना अंमलदार नव्याला स्टेशन डायरी आणि चार्ज देत होता. बाहेरून हसण्याचा आवाज आला. अंमलदार कोणाला तरी म्हणत होता, “बाई, लॉकअप आज फुल हाय. उद्या या.” मला तो विनोद आवडला नाही. ठाण्याची पायरी कोणी हौसेने चढत नाही. मी तिला आत बोलावलं.

साठीला टेकलेली बाई होती. नऊवारी पातळ, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. ती समोर बसली आणि खोलीभर लसणाचा वास पसरला. आठवडी बाजारात ती लसूण-अद्रक विकायची. सातवी पास होती, म्हणून बाजारातल्या बायका तिला मास्तरीण म्हणत. कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाची चिठ्ठी वाचायची, सगळं तिच्याकडे.

“काय गुन्हा केला?” मी विचारलं.

“काहीच नाही केला.”

“मग अटक कायले करू?”

“तुमी पकडलं तं कोर्टात चालन. कोर्टात चाललं तं खरं काय थे निंगन. नाहीतं मरेपर्यंत बाया मले चोट्टीच म्हनतीन.”

तिने पिशवीतून झेरॉक्सचे चार कागद काढले. पहिल्या कागदावर टाईप केलेला मजकूर होता: ‘आम्ही खालील सह्या करणारे बाजार मैदानावरील विक्रेते, मैदानाची जागा कंपनीस देण्यास व बाजार नाल्यापलीकडे हलविण्यास राजीखुशीने संमती देतो.’ पुढच्या तीन कागदांवर तीन रकाने होते. अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. साठेक नावं, जवळजवळ सगळे अंगठे. आणि पहिल्या क्रमांकावर, ठसठशीत अक्षरात, एकमेव सही.

“ही सही तुमची?”

“माहीच हाय.”

“म्हणजे तुम्ही केली.”

“सही माही हाय, साहेब. पन ह्या कागदावर म्या केली नाही.”

मी वकिलांकडून आणि आरोपींकडून नाना प्रकारचे बचाव ऐकले आहेत. सही माझी नाही, असं सगळेच म्हणतात. सही माझी आहे पण मी केली नाही, असं म्हणणारी ही पहिलीच. मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट जुळत नसली की जेवण गोड लागत नाही. त्या खोडीपायीच मी पोलिसात आलो, असं माझी बायको म्हणते.

आता थोडं मागे जावं लागेल. गावाच्या मधोमध, बस स्टँडच्या मागे, बाजाराचं मैदान होतं. दर मंगळवारी तिथे बाजार भरे. एका मोठ्या साखळी कंपनीला गावात दुकान काढायचं होतं. वातानुकूलित, सरकत्या दारांचं. गावातले सगळे त्याला मॉलच म्हणत. नगरपरिषदेने मैदानाची दर्शनी जागा कंपनीला नाममात्र भाड्याने दिली. काही वर्षं मालमत्ता कर माफ केला. दुकानापर्यंत सिमेंटचा रस्ता आणि पाण्याची स्वतंत्र लाईन सरकारी खर्चाने टाकून दिली. बदल्यात कंपनीने स्थानिकांना नोकऱ्या देऊ म्हणून सांगितलं. बाजार नाल्यापलीकडे गेला. तिथे ना सावली, ना पाणी, आणि बसमधून उतरलेलं गिऱ्हाईक पिशवी घेऊन तेवढं चालत जात नाही.

मला तेव्हाही एक गोष्ट कळत नव्हती. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखानदाराला सवलत देतात, ते समजण्यासारखं आहे. तिथे काही तरी तयार होतं. पण साबण आणि तूरडाळ विकायला सरकारने जागा कशाला द्यायची? आमच्या गावात तूरडाळ विकणारे कमी होते का? मी मुख्याधिकाऱ्यांना एकदा सहज विचारलंही. ते म्हणाले, “विकास येतो, साहेब.” कुठून येतो, ते त्यांनी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मीही महिन्याचा किराणा तिथूनच आणू लागलो होतो. गार हवा लागायची आणि पिशवी मिळायची. माणूस स्वतःच्या खिशापुरता शहाणा असतो.

बाजारातल्या बायका तक्रार घेऊन नगरपरिषदेत गेल्या, तेव्हा बाबूने त्यांच्यापुढे हेच संमतिपत्र टाकलं. तुमचेच अंगठे आहेत, म्हणाला. आणि सगळ्यात वर मास्तरणीची सही. लिहितावाचता येणारी तीच विकली गेली, असं धरून बायकांनी त्या दिवसापासून तिला वाळीत टाकलं. आसपासच्या खेड्यांतून दहा-बारा जणी मिळून एका टेम्पोने माल आणत. त्यात तिचं पोतं घेईनात. तिच्या शेजारी बसणाऱ्यांनी तिच्याकडे पाठ केली. तिच्या मोठ्या जावेचं तेरावं झालं तेव्हा बाजारातलं एकही माणूस जेवायला आलं नाही.

“अठ्ठावीस वर्सं बसेल हाय मी त्याइच्यासंगं,” ती म्हणाली. “नवरा गेला तवा ह्याच बायाईनं माह्या घरी आठ दिवस चूल पेटू देली नाही. अन् आता पानी मांगतलं तं देत नाहीत.”

तिचा आवाज तिथे फुटला. मला वाईट वाटलं, हे कबूल करायला लाज नाही. पण वाईट वाटणं म्हणजे पुरावा नव्हे. मी तिला अटक केली नाही. तिचा अर्ज लिहून घेतला आणि चौकशीला ठेवला.

पहिला धागा आठवडाभराने हाती आला. आमचा गोपनीय शाखेचा हवालदार सावकाश बोलणारा, पण कानाने तिखट माणूस होता. मसणवट्यात लाकडं पुरवणाऱ्या म्हाताऱ्याला त्याने चहा पाजता पाजता यादी वाचून दाखवली होती. म्हातारा मध्येच म्हणाला, “थांबा बाप्पा. ह्या गंगूबाईले तं म्याच लाकडं देलती. हिलेबी. अन् हिलेबी.”

पडताळणी केली. यादीतल्या सात बायका मृत निघाल्या. एकीला जाऊन बारा वर्षं झाली होती. आणि शेवटून दुसऱ्या क्रमांकावर नावाच्या रकान्यात नुसतंच लिहिलं होतं: याडी. ना आडनाव, ना नवऱ्याचं नाव. पुढे स्वच्छ, गोल अंगठा. आमच्या ठाण्यात तांड्यावरचा एक बंजारा शिपाई होता. त्याला विचारलं. तो हसून म्हणाला, “साहेब, याडी म्हणजे आमच्या बोलीत आई.”

मेलेल्यांचे अंगठे सापडले म्हणजे पोलिसाला सोन्याची खाण सापडली. मी फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल केला, फिर्यादी म्हणून मास्तरणीला बोलावलं. तिने फिर्याद दोनदा वाचली, दोन ठिकाणी माझ्या लेखनिकाच्या चुका काढल्या आणि मगच सही केली. मी मूळ कागद जप्त केले. बाजारातल्या बायकांचे नमुना ठसे घ्यायला मात्र घाम निघाला. पुन्हा अंगठा म्हटल्यावर त्या मागे सरत होत्या. शेवटी ठाण्यातल्या महिला शिपायाने दोन दिवस त्यांच्यात बसून, भाज्या निवडू लागून, त्यांना तयार केलं. ठसे अंगुलिमुद्रा तज्ज्ञांकडे गेले. माझा अंदाज असा की कोणी तरी एकाच माणसाने घरी बसून सगळे अंगठे उमटवले असणार. मी त्या आनंदात होतो.

अहवाल आला आणि माझा चेहरा उतरला. एकूण एक अंगठे खरे होते. वेगवेगळ्या बायकांचे होते. मेलेल्या गंगूबाईच्या नावापुढे तिच्या जिवंत सुनेचा अंगठा होता. सातही ठिकाणी तीच गत. कोणाची सून, कोणाची लेक, कोणाची नातसून. विचारलं तर म्हणत, “अंगठे काय एका कागदावर देले का? आता कोनाले आठवते?” म्हणजे बनावट काही नव्हतंच. उलट सात जणींनी दुसऱ्याच्या नावावर आपला अंगठा दिला होता.

कंपनीचा वकील दुसऱ्याच दिवशी हजर झाला. अत्यंत सभ्य माणूस. म्हणाला, “साहेब, मयताच्या नावाने अंगठा देणं हा तोतयेगिरीचा गुन्हा होतो ना? मग त्या बायकांवर काय कारवाई करणार?” माझ्या वरिष्ठांचाही फोन आला. फाईल बंद करून टाका, त्यातच बायांचं भलं आहे, असा त्याचा अर्थ होता. त्यांच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला जात होता. आणि इकडे मास्तरणीची फिर्याद बाजारातल्या सात घरांवर उलटायला निघाली होती. ती आधी चोट्टी ठरली होती, आता सात जणींना तुरुंगात घालणारी ठरली असती. गाव सोडण्याशिवाय तिला दुसरा मार्ग राहिला नसता.

मी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, “मंग मलेच टाका आत. थ्या सात जनीची लेकरं लहान हायेत.” मी उठून खिडकीपाशी गेलो. ठाणेदाराने फिर्यादीसमोर डोळे पुसायचे नसतात.

त्या मंगळवारी मी साध्या कपड्यांत, पिशवी घेऊन, नाल्यापलीकडच्या बाजारात गेलो. तपासाचा असा काही बेत नव्हता. तपास अडला की मी त्या जागी नुसता जाऊन बसतो. माणसं प्रश्नाला उत्तर देतात तेव्हा सावध असतात. आपसांत बोलतात तेव्हा नसतात. ढाणकीकडून आलेल्या एका हळदवालीजवळ उभा राहिलो. ती त्या बाजारात नवी होती आणि बसायला जागा शोधत होती. मोकळ्या जागेकडे बोट करून तिने विचारलं, “इथं बसू का वो?”

मेथी विकणारी बाई फटकन म्हणाली, “नाही बाई, थे गंगूबाईची जागा हाय.”

“कुठं गेली गंगूबाई?”

“वर गेली. बारा वर्सं झाले. सून येऊन राह्यली आता, थांबा.”

पाचच मिनिटांत गंगूबाईची सून पालकाच्या जुड्या घेऊन आली आणि त्या जागी बसली. मी जागीच उभा राहिलो. मग पुढे सरकलो आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत गेलो: “ही जागा कोणाची?”

सासूच्या किंवा आईच्या जागी बसलेल्या एकीनेही ‘माझी’ म्हटलं नाही. जागा ज्या बाईने पहिल्यांदा धरली, तिच्या नावाने ती ओळखली जाते. ती बाई मेली, तिची सून बसली, सुनेची सून बसली, तरी जागेचं नाव बदलत नाही. नवं मैदान, नवी माती. पण रांगा त्याच आणि नावंही तीच. भिंतीकडच्या टोकाला तांड्यावरची एक बाई सीताफळं मांडून बसली होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, “ई याडीर जागा छ.” मग मला कळावं म्हणून मराठीत, “आईची. माह्या सासूची आई बसे इथं. सगळे तिले याडीच म्हनत.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तज्ज्ञांकडे कागद पाठवून महिनाभर बसलो आणि उत्तर मात्र पालकाच्या जुडीशेजारी पडलेलं होतं. त्या बायका खोटं बोलल्याच नव्हत्या. त्यांना कोणी तरी विचारलं होतं, ‘जागा कोणाची?’ त्यांनी खरं उत्तर दिलं आणि त्यापुढे अंगठा दिला. ‘तुम्ही राजी आहात का?’ असं विचारलं असतं, तर गंगूबाईच्या सुनेने सासूचं नाव कशाला सांगितलं असतं? राजीनाराजी ज्याची त्याची असते, ती सासूच्या नावावर नसते. म्हणजे अंगठे खरे होते, कागदही खरा होता, पण प्रश्न दुसराच होता.

बाजाराचं काम पाहणारा नगरपरिषदेचा मुकादम मी चौकशीला बोलावला. पंचेचाळिशीचा, पान खाणारा, गोडबोल्या. सरकारी माणसाला खोटं बोलायला फाईल लागते, हा माझा अनुभव आहे. फाईल हातात असेपर्यंत तो डगमगत नाही. म्हणून मी फाईल माझ्याकडे ठेवली, त्याला चहा दिला आणि संमतिपत्राचा विषयच काढला नाही.

आधी त्याने आपणहून सांगून टाकलं की सभागृहात रीतसर बैठक झाली, बायका जशा जशा आल्या तशा त्यांच्या सह्या-अंगठे घेतले. चोराच्या मनात चांदणं. मी मान डोलावली.

“मुकादम, जुना बाजार मी नीट पाहिलाच नाही,” मी म्हटलं. “फाटकातून आत शिरलो की पहिली कोण बसायची?”

त्याला बरं वाटलं. वीस वर्षांचं त्याचं राज्य होतं ते. “पहिली मास्तरीन, लसूनवाली. फाटकाले लागूनच. मंग गंगूबाई. मंग अंडेवाली. मंग दोघी बहिनी, कांदेवाल्या…” तो बोटावर मोजत निघाला. लिंबाच्या झाडापाशी वळला, दुसरी रांग धरली, तिसरी धरली. मी मांडीवर यादी ठेवून पेन्सिलीने खुणा करत होतो. एकही नाव पुढेमागे झालं नाही. शेवटी तो म्हणाला, “अन् तिकडं भिंतीजोळ याडी, अन् तिच्या बाजूले मडकेवाली. झाला बाजार.”

मी यादी उलटी करून त्याच्यासमोर ठेवली.

“सभागृहात बायका जशा आल्या तशा अंगठे घेतले म्हणता. मग साठ बायका बरोब्बर बाजारात बसतात त्याच ओळीने आल्या? त्यातल्या सात तर मसणवट्यातून आल्या.”

त्याने पाणी मागितलं. पेला तोंडाला लावला, पण प्याला नाही.

“वरचा कागद बदलला, साहेब,” तो म्हणाला. “खालचं सगळं खरं हाय.”

मग बाकीचं आपोआप आलं. आदल्या वर्षी नगरपरिषद मैदानावर पक्के ओटे बांधून देणार होती. त्यासाठी त्याने रांगेने फिरून नोंद केली होती: जागा कोणाची, आणि त्यापुढे अंगठा. ओटे कागदावरच राहिले. पुढे कंपनीच्या वतीने सरकारी कचेऱ्यांत फिरणारा एक माणूस आला; उद्या संध्याकाळपर्यंत विक्रेत्यांची संमती लागते, नाहीतर ठराव अडेल, म्हणाला. मुकादमाची लेक पदवीधर होऊन घरी बसली होती. तिला बिलिंग काउंटरवर लावून देऊ, असा शब्द मिळाला. मुकादमाने ओट्यांच्या नोंदीचा वरचा कागद काढला आणि संमतीचा लावला.

“त्याइले कुठं वाचता येते, साहेब?” तो म्हणाला. “अन् बाजार तसाबी हलनारच होता. मी अंगठे नसते देले तं दुसऱ्या कोनी देले असते.”

मला त्याचा राग आला, पण लेकीचं ऐकून थोडा कमीही झाला. पोलिसाच्या मनात हे दोन्ही एकदम चालतं. ओट्यांचा मूळ वरचा कागद त्याच्या घरातल्या कपाटात जुन्या पंचांगाखाली सापडला. त्याने तो फाडला का नाही, हे मला कोडंच आहे. कदाचित सरकारी कागद फाडायची त्याला सवय नसावी. टाचणीची भोकं अंगठ्यांच्या तिन्ही पानांशी तंतोतंत जुळली. पंचनामा झाला.

मास्तरणीला मी तो कागद दाखवला. तिने वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“ओट्याचा! इसरलीच होती मी. हो, ह्याच कागदावर केलती म्या सही. वाचून केलती. अन् मीच सगळ्यायले म्हनलं, द्या वो अंगठे, ओटे भेटतीन, पावसात भिजाचं काम नाही.”

तिची सही सगळ्यात वर होती, ती कोणाला विकली गेली म्हणून नव्हे. तिची जागा फाटकाजवळ पहिली होती, एवढ्यासाठीच. मला वाटलं, आता झालं. मी समजत होतो की सत्य बाहेर आलं की ते आपल्या पायांनी घरोघर जाऊन सांगून येतं. तसं होत नाही. मुकादमाला अटक झाली, कंपनीच्या त्या माणसाने अटकपूर्व जामीन घेतला, दोषारोपपत्र गेलं. कंपनीने कळवलं की असला कोणी माणूस आमच्या नोकरीतच नाही. सात बायकांवरचं बालंट टळलं. पण बायका म्हणाल्या, “कागद बदलला असन मुकादमानं. पन अंगठे द्या म्हनून तं तिनंच सांगतलं होतं ना?” पाणी देऊ लागल्या, टेम्पोत पोतं घेऊ लागल्या. बोलणं मात्र सुरू झालं नाही.

आणि दुकान? ते होतं तिथेच राहिलं. जागा ठरावाने दिलेली. ठरावाविरुद्धचा दावा वेगळा, तो वेगळ्या कोर्टात. नोकऱ्या दिल्या, हे खरं आहे. चार-सहा सुरक्षा रक्षक आणि काही मुली. भाजी बाहेरगावहून ट्रकने यायची. बस स्टँडसमोरचे दोन जुने किराणावाले हळूहळू बुडाले. त्यांतल्या एकाचा मुलगा मला दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालांवर देखरेख करताना भेटला. आणि करमाफीची मुदत संपली त्याच वर्षी दुकानाचं शटर खाली आलं. पाटी उतरवून नेली. सिमेंटचा रस्ता आहे, पाण्याची लाईन आहे, सरकती दारं आहेत, आत काही नाही. गावाने आपल्या पदरचं घालून पाहुणा बसवला, पाहुणा जेवला, उठला आणि गेला. मैदान अजूनही बाजाराला परत मिळालेलं नाही. मुकादमाच्या लेकीची नोकरीही त्या शटरबरोबर गेली.

माझी बदली तोवर पुसदला झाली होती. एक दिवस त्या गावच्या नव्या ठाणेदाराचा फोन आला. नगरपरिषदेने फेरीवाल्यांची खरीखुरी नोंद काढली होती. कार्ड मिळणार होतं. कार्ड असेल त्यालाच इथून पुढे जागा. आणि बाजारातली एकही बाई अंगठा द्यायला तयार नव्हती. मुदत चार दिवसांवर आली होती. “बायका म्हणतात, त्या जुन्या ठाणेदाराला बोलवा. त्याने वाचून दाखवलं तर बघू.”

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. रजा टाकली आणि मंगळवारी गेलो. नाल्यापलीकडे सगळ्या जणी गोळा झाल्या होत्या. मास्तरीण आपल्या जागेवर, लसणाच्या ढिगामागे, लांबच बसली होती. मी चष्मा लावला, अर्जाचा नमुना हातात घेतला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली.

“थांबा, साहेब,” गंगूबाईची सून म्हणाली.

मी थांबलो.

“तुमचा भरोसा हाय आमाले. पन तुमची बदली होते. मुकादम बदलते, साहेब बदलते, थे दुकानवालेबी निंगून गेले. उद्या काही झालं तं आमी कोनाले विचारावं?” तिने मास्तरणीकडे बोट केलं. “तिले वाचू द्या. थे इथंच रायते.”

मास्तरीण हललीसुद्धा नाही. मग तिच्याकडे पाठ करून बसणारी ती अंडेवाली उठली, माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि तिच्यासमोर नेऊन धरला. “वाच वो माय,” ती म्हणाली. “अन् हळू वाच.”

तिने पदराने हात पुसले आणि वाचायला सुरुवात केली. प्रत्येक कलमानंतर ती थांबायची, बायका प्रश्न विचारायच्या, ती उत्तर द्यायची, येत नसेल तर माझ्याकडे पाहून विचारायची. दीड तास लागला. मी एका पोत्यावर बसून होतो.

नोकरीत मी हजारो जबाब घेतले. सही कोणाची, अंगठा कोणाचा, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. या बायकांनी मला शिकवलं की आधी विचारायचं असतं, त्याला नेमकं काय विचारलं होतं. आणि विचारणारा उद्या इथे असणार आहे की नाही.

वाचून झालं तेव्हा नोंद करणाऱ्या बाबूने पेन उघडलं आणि गंगूबाईच्या सुनेला विचारलं, “नाव?”

ती सवयीने सासूचं नाव सांगायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. मास्तरणीकडे पाहिलं. मास्तरीण म्हणाली, “जागेचं नाही विचारून राह्यले बाई. तुहं विचारून राह्यले.”

तिने आपलं नाव सांगितलं. ते त्या बाजारात कोणी कधी ऐकलंच नव्हतं.